टीव्हीला फुटलेली परतीची वाट

क्रिकेटचा सामना चालू होता. भाऊ हॉलमध्ये त्याच्या मोबाइलवर बघत होता, वहिनी पोळ्या लाटता लाटता ओट्यावर ठेवलेल्या तिच्या मोबाइलवर. षटक संपलं. भावाच्या फोनवर मोटारीची जाहिरात लागली, वहिनीच्या फोनवर मुलांच्या शिकवणीच्या अ‍ॅपची. आत्या दोघांच्या मधे, दारातल्या खुर्चीत बसली होती. दोन्हीकडचे आवाज ऐकून तिने विचारलं, "अरे, मॅच एकच आहे ना? मग जाहिराती दोन कशा?"

वहिनीला तिचा स्वतःचा प्रश्न आठवला. "आणि काल सकाळी मी फोनवर मिक्सर शोधला, तर संध्याकाळी टीव्हीवर मिक्सरचीच जाहिरात. टीव्ही आपलं बोलणं ऐकतो की काय?"

हे दोन्ही प्रश्न मला वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या शब्दांत विचारले गेले आहेत. दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. आपल्या पडद्याकडून मागे, म्हणजे दाखवणाऱ्याकडे, काही जातं का? जात असेल तर कुठल्या वाटेने? या प्रकरणात त्या परतीच्या वाटेचा माग काढू.

१. पाऊस आणि नळ

आधी जुना टीव्ही समजून घेऊ. मनोऱ्यावरून किंवा उपग्रहावरून येणारं प्रक्षेपण पावसासारखं असतं. ते सगळ्यांच्या अंगणात सारखंच पडतं. तुम्ही हंडा लावला की छत्री उघडली, हे ढगाला कळत नाही. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा साबणाची जाहिरात कारखानदाराच्या बंगल्यात आणि चाळीतल्या खोलीत एकाच क्षणी दिसायची. ती किती जणांनी पाहिली हे जाहिरातदाराला अंदाजानेच ठरवावं लागे.

इंटरनेटवरून येणारं चित्र मात्र नळासारखं असतं. तुम्ही तोटी सोडलीत तरच पाणी येतं, आणि तुमच्या घरापर्यंत वेगळी जोडणी असते. त्या जोडणीला मीटरही असतो. कोणत्या घरात, किती वाजता, किती पाणी गेलं आणि तोटी मधेच कधी बंद झाली, याची नोंद पलीकडे होते. टीव्ही तोच, पडदा तोच, पण पावसाच्या जागी नळ आल्यावर जाहिरातीचा धंदा मुळापासून बदलला.

हा बदल मात्र एका रात्रीत झाला नाही. पावसाच्या काळातही लोकांनी ढगापर्यंत निरोप पोचवायच्या युक्त्या काढल्याच होत्या.

२. एकाच वर्षी निघालेल्या दोन वाटा

१९७७ साल. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाच्या गावी एक छोटं रेडिओ केंद्र होतं. एका जाहिरातदाराकडे पैसे थकले होते. रोकड नाही म्हणून त्याने डबे उघडायची विजेवर चालणारी ११२ यंत्रं केंद्राच्या हवाली केली. मालक बड पॅक्सन यांनी निवेदक बॉब सर्कोस्टा यांना सांगितलं, ही हवेवरच विकून टाका. किंमत ९ डॉलर ९५ सेंट. लोकांचे फोन आले आणि सगळी यंत्रं विकली गेली. त्यातूनच पुढे १९८२ मध्ये स्थानिक केबलवर खरेदीची वाहिनी सुरू झाली आणि १९८५ मध्ये ती 'होम शॉपिंग नेटवर्क' या नावाने देशभर पसरली. पुढच्याच वर्षी जोसेफ सेगल यांनी 'क्यूव्हीसी' काढली.

त्याच १९७७ च्या डिसेंबरमध्ये ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात वॉर्नर कंपनीने 'क्यूब' ही केबल सेवा सुरू केली. तिच्या डब्यावर उत्तरं देण्यासाठी पाच बटणं होती. प्रेक्षक घरात बसून मत देऊ शकत, प्रश्नमंजूषेत भाग घेऊ शकत. मध्यवर्ती संगणक काही सेकंदांच्या अंतराने प्रत्येक घरातलं बटण तपासत असे. त्या काळात ही कमालीची पुढची गोष्ट होती.

पण टिकला तो साधा फोन. क्यूबचे संवादी कार्यक्रम १९८४ मध्ये बंद झाले. टाइम वॉर्नरने १९९४ मध्ये ऑरलँडो शहरात पुन्हा तसाच, त्याहून भारी प्रयोग केला: घरोघरी महागडे डबे, पडद्यावरच दुकान, मागाल तेव्हा सिनेमा. तोही १९९७ मध्ये गुंडाळावा लागला. तंत्रात दोन्ही प्रयोग सरसच होते. मला त्यांच्या अपयशाचं कारण अगदी घरगुती वाटतं. टीव्हीवरच्या दुकानाला लागणारी परतीची वाट, म्हणजे टेलिफोन, लोकांच्या घरात आधीपासून होती आणि तिचा खर्च कंपनीला करावा लागला नव्हता. क्यूबला मात्र प्रत्येक घरापर्यंत नवी वाट बांधावी लागली. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

फोनच्या वाटेने विक्रेत्याला आणखी एक गोष्ट मिळाली. खरेदीच्या वाहिन्यांमध्ये निर्मात्याच्या समोर दर मिनिटाची विक्री दिसत असते आणि निवेदकाच्या कानात त्याचा आवाज असतो. निवेदिका कढई हातात धरून हँडल दाखवते, फोन वाढतात. लगेच कानात सूचना येते, हँडलवरच थांब. प्रेक्षकांना वाटतं आपण फक्त बघतोय. प्रत्यक्षात त्यांचे फोन समोरचा कार्यक्रम क्षणाक्षणाला बदलत असतात. बाजारात गिऱ्हाइकाचा हात कुठल्या मालावर थांबला हे बघून दुकानदार त्याच कापडाचा तागा उलगडतो ना, तसंच हे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबलवर टेलिशॉपिंग आलं. पोट कमी करायचे पट्टे आणि व्यायामाची यंत्रं यांचे, ओठ एका भाषेत आणि आवाज दुसऱ्या भाषेत असलेले कार्यक्रम अनेकांना आठवत असतील. २००८ मध्ये 'होमशॉप१८' ही पूर्णवेळ खरेदीची वाहिनी सुरू झाली. अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायला आपण तयार नव्हतो, म्हणून वस्तू दारात आल्यावर रोख पैसे देण्याची सोय या धंद्याचा कणाच ठरली.

३. लाल बटण आणि पंगतीतला वाढपी

२००६ मध्ये 'टाटा स्काय' आलं आणि घरोघरी छत्र्या लागल्या. रिमोटवरचं बटण दाबलं की स्वयंपाकाच्या कृती, मुलांचे खेळ, शिर्डीचं किंवा सिद्धिविनायकाचं दर्शन असं काय काय उघडायचं. आजीला वाटायचं, आपण बटण दाबलं आणि तिकडून कुणीतरी पाठवलं. पण छत्री फक्त घेणारी असते. ती उपग्रहाकडे काहीच पाठवू शकत नाही. मग बटणाला उत्तर कोण देत होतं?

याचं उत्तर पंगतीत सापडतं. वाढपी जिलबीचं ताट घेऊन रांगेतून फिरत असतो, मग मठ्ठ्याचा येतो, मग पुन्हा जिलबीचा. तुम्ही मान वर केलीत म्हणून तो मधूनच मागे वळत नाही, पण फेरी पूर्ण करून तुमच्यासमोर येतोच, आणि तुम्हाला हवं ते तुम्ही पानात घेता. उपग्रहावरून माहितीची सगळी पानं अशीच एकामागून एक, पुन्हा पुन्हा फिरत असतात. तुम्ही बटण दाबता तेव्हा तुमच्या घरातला डबा 'हे पान आलं की घ्यायचं' एवढंच ठरवतो. पान उघडायला चार-पाच सेकंद लागायचे ते वाढपी दुसऱ्या टोकाला असायचा म्हणून.

म्हणजे ही निवड घरातल्या घरातच व्हायची. खरोखर काही मागवायचं तर पुन्हा फोन नाहीतर एसएमएस. 'कौन बनेगा करोडपती'च्या फोनलाइनी २००० मध्ये आणि 'इंडियन आयडॉल'ची एसएमएस मतं २००४ मध्ये याच जुन्या वाटेने गेली.

४. सामन्याला पाडलेली खाच

आता आत्याच्या प्रश्नाकडे येऊ.

इंटरनेटवरचा सामना सलग प्रवाहासारखा दिसत असला तरी तो तुकड्यातुकड्यांनी येतो. एकेक तुकडा साधारण दोन ते दहा सेकंदांचा. तुमच्या फोनला तुकड्यांची एक यादी मिळत राहते: हा घे, मग हा, मग हा. सामन्याचे तुकडे सगळ्यांना सारखेच. षटक संपताना मूळ प्रक्षेपणात एक अदृश्य खूण टाकलेली असते, 'इथे जाहिरातीची जागा, इतके सेकंद'. शिंपी कापडावर खडूने खूण करतो तशी. ती खूण दिसली की पलीकडचा संगणक प्रत्येकाच्या यादीत त्या जागी वेगळे तुकडे चिकटवतो. भावाच्या यादीत मोटार, वहिनीच्या यादीत शिकवणी. खूण संपली की दोघं पुन्हा त्याच चेंडूवर येतात. शिवण इतकी सफाईदार असते की सांधा दिसत नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. इतक्या याद्या एकाच वेळी सांभाळायच्या तर सोय बघावी लागते. अशा प्रसंगी प्रत्येकाचा वेगळा विचार करण्याऐवजी शहर, भाषा, वय, फोनची किंमत यांवरून प्रेक्षकांचे गट पाडणं सोपं पडतं.

एरवी, तुम्ही एखादा जुना सिनेमा लावून बसलेले असता, तेव्हा त्या खाचेचा लिलावही होतो. उदाहरणासाठी आकडे धरू. हजार वेळा दाखवण्याचा भाव म्हणून शांपूवाल्याने १८० रुपये लावले, शिकवणीवाल्याने २४०, मोटारवाल्याने ३१०. जागा मोटारवाल्याला मिळाली. त्याला एका माणसाला एकदा जाहिरात दाखवायला किती पडले? ३१० भागिले १०००, म्हणजे ३१ पैसे. मार्केट यार्डातला अडत्या बोली लावतो तसंच हे आहे. फरक इतकाच की इथे मालाच्या जागी तुमचे वीस सेकंद आहेत आणि सगळा लिलाव पापणी लवेपर्यंत उरकतो. प्रत्येक बोलीवाल्याच्या हातात तुमच्याविषयीची एक चिठ्ठी असते: पुणे, मराठी, संध्याकाळी बघणारे, नुकताच मिक्सर शोधला. चिठ्ठी जितकी भरलेली, तितका भाव चढा.

५. टीव्ही ऐकतो का?

मिक्सरची नोंद त्या चिठ्ठीत आली कशी? घरातला फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांचा पत्ता एकच दिसतो, एका दारावरच्या पाटीसारखा. फोनवर कुणी मिक्सर शोधला की 'या पाटीच्या घरात मिक्सर हवाय' एवढं अनुमान पुरेसं असतं. त्यासाठी कुणाला तुमचं बोलणं ऐकावं लागत नाही.

पण स्मार्ट टीव्ही आणखी एक काम करतो आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. अंताक्षरीत तरबेज माणूस गाण्याचे पहिले दोनच शब्द ऐकून गाणं ओळखतो. टीव्ही तसंच चित्र ओळखतो. पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांचा नमुना घेऊन तो त्याची एक छोटी अंकी खूण बनवतो आणि कंपनीकडे पाठवतो. तिथे लाखो कार्यक्रमांच्या खुणांचा साठा असतो. जुळली की कळलं: या घरात आत्ता अमुक मालिका, अमुक मिनिट. गंमत म्हणजे चित्र इंटरनेटवरूनच यायला हवं असं नाही. केबलच्या डब्यातून आलेलं किंवा डीव्हीडीवरचं चित्रही असंच ओळखता येतं. ज्या पावसाला मीटर नव्हता, त्याला असा मीटर बसला.

अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींमधून ग्राहकांची नीट संमती न घेता अशी सेकंदासेकंदाची नोंद गोळा केली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने हे प्रकरण उघडं केलं आणि कंपनीला २२ लाख डॉलर देऊन ते मिटवावं लागलं. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्ट या दुकानदार कंपनीने हीच व्हिझिओ २३० कोटी डॉलरना विकत घेतली. याच वॉलमार्टने २०२२ मध्ये रोकू कंपनीबरोबर, जाहिरात चालू असताना रिमोटवरचं 'ओके' दाबून वस्तू मागवायची सोय केली होती. दुकानाला टीव्हीची कंपनी का हवी असेल, हे आता वेगळं सांगायला नको. कुठल्या घराने जाहिरात पाहिली आणि त्याच घराने आठवड्यात ती वस्तू घेतली का, ही दोन टोकं एकाच वहीत जुळतात.

६. तीन कोपऱ्यांतले तीन चौकोन

रिमोटने खरेदी करणं अवघडच. नाव, पत्ता, पिनकोड बाणांनी एकेक अक्षर करत लिहायचा म्हणजे शिक्षा. म्हणून परतीची वाट पुन्हा एकदा घरात आधीच असलेल्या वस्तूकडे वळली. पडद्यावर क्यूआर कोड आला आणि उत्तर मोबाइलवरून जाऊ लागलं.

हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला निघाला. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला 'वर कुठे, खाली कुठे' हे सांगतात, त्यामुळे फोन तिरपा धरला तरी चालतं. सर्वांत सावध प्रकारात सुमारे ३० टक्के भाग पुसला गेला तरी कोड वाचता येतो, म्हणून भाजीच्या गाडीवरचा चुरगळलेला, पाण्याचे डाग पडलेला कोडही चालतो. १३ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकेतल्या सुपर बोल सामन्यात कॉइनबेस कंपनीने साठ सेकंद पडद्यावर नुसता रंग बदलत तरंगणारा क्यूआर कोड दाखवला. एवढे लोक एकदम धावले की त्यांचं अ‍ॅपच काही काळ बंद पडलं.

७. "उलटी बाजू दाखवा"

आत्या रोज रात्री साडेआठला फेसबुकवर साड्यांचा लाइव्ह बघते. तिच्या शेजारी बसून मी तो पाहिला, आणि या सगळ्या विषयातला सर्वांत जिवंत भाग मला तिथे सापडला.

एक बाई घरातल्या खोलीत, मागे पांढरी चादर लावून, गोल दिव्यापुढे उभी. प्रत्येक घडीवर टाचणीने नंबराची चिठ्ठी लावलेली. "ताई, चौदा नंबर बघा, मोरपंखी, काठाला मुनिया, ब्लाउजपीस आतच आहे." खालून कॉमेंट सरकतात: 'पदर दाखवा', 'गडद आहे का', 'बुक १४'. आत्याने एका बोटाने टाइप केलं: 'उलटी बाजू दाखवा'. सात-आठ सेकंद गेले. मग बाईने नाव घेऊन सांगितलं, "काकूंनी विचारलंय, थांबा," आणि पदर उलटा करून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरला. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. आत्याने चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाली, "सेमी आहे. पण त्या भावाला वाईट नाही."

कितीही खर्च करून बनवलेल्या जाहिरातीला हे जमत नाही. ती तुम्हाला पुढची बाजू दाखवते. इथे गिऱ्हाईक मागची बाजू मागू शकतं.

ते सात-आठ सेकंद का लागले? चित्राचे तुकडे तयार होऊन, वाटेत थोडे साठवून मग आपल्यापर्यंत येतात. म्हणूनच केबलवाल्या शेजाऱ्याच्या घरातून षटकाराची आरोळी आधी येते आणि तुमच्या फोनवर गोलंदाज अजून धावतच असतो. लाइव्ह विक्रीत हा उशीर कमी ठेवावा लागतो, तरी उरतोच. 'ही हवी' असं लिहिलं तर तोवर बाईच्या हातात पंधरा नंबर आलेला असतो. चिठ्ठीवरचे नंबर त्या घोटाळ्यावरचा साधा, पक्का उपाय आहेत.

फेसबुकने स्वतःची लाइव्ह खरेदीची वेगळी सोय १ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद केली. साड्यांच्या या बायकांचं काही अडलं नाही. कॉमेंट, स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय आणि कुरिअर, या सगळ्या वाटा गिऱ्हाइकाच्या हातात आधीच होत्या. क्लिअरवॉटरच्या टेलिफोनची गोष्टच पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा घडली. चीनमध्ये २०१६ मध्ये सुरू झालेलं 'ताओबाओ लाइव्ह' अफाट वाढलं तेही याच कारणाने. फोनवरून पैसे देण्याची सवय तिथे आधीच मुरलेली होती.

८. घड्याळाची घाई

परतीची वाट छोटी झाली की विचाराला मिळणारा वेळही कमी होतो. पूर्वी दुकानात जाईपर्यंत मन बदलायचं. आता पडदा, बोट आणि पैसे यांत पाच सेकंदांचं अंतर आहे. विक्रेत्यांना हे ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी आत्याने एका वाहिनीवरून भाजी चिरायचं यंत्र मागवलं, कारण पडद्याच्या कोपऱ्यात 'ऑफर संपायला १० मिनिटं' असं घड्याळ उलटं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच कार्यक्रम, तेच यंत्र आणि तेच दहा मिनिटांचं घड्याळ. तिला त्या पैशांपेक्षा फसवणुकीचं वाईट वाटलं आणि मला आजही त्याचा राग येतो.

या युक्तीला आता कायद्यात नाव आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने ऑनलाइन खरेदीतल्या अशा १३ फसव्या रीतींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई दाखवणं त्यात आहे, आणि तुम्ही न निवडलेली वस्तू हळूच टोपलीत घालणंही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

महाराष्ट्रात याहून एक पाऊल पुढे पडलं आहे. चमत्काराचा दावा करणारी 'यंत्रं' टीव्हीवरून विकली जात. एका शिक्षकाने त्याविरुद्ध याचिका केली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार घेऊन अशा जाहिराती बेकायदा ठरवल्या. टीव्हीवर दाखवून विकणं हाही त्या अंधश्रद्धेचा प्रसारच आहे, हे तिथे मान्य झालं.

९. मीटर कुठे असतो

शेवटचं काम हातानेच करायचं आहे. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता किंवा अटी-शर्ती असं पान असतं. चित्र ओळखणाऱ्या सोयीला प्रत्येक कंपनीने वेगळं, गोड नाव दिलेलं असतं. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस'. पहिल्यांदा टीव्ही जोडताना आपण 'सगळं मान्य' म्हणून पुढे गेलेलो असतो, तेव्हाच ती चालू होऊ शकते. ती बंद केली तरी टीव्ही पूर्वीसारखाच चालतो. जवळच जाहिरातींसाठीचा ओळख-क्रमांक बदलायचा किंवा आवडीनुसार जाहिराती नाकारायचा पर्यायही सापडेल.

आत्याच्या टीव्हीत तो शोधायला आम्हाला वीस मिनिटं लागली. "मग आता जाहिराती येणार नाहीत?" तिने विचारलं. येतील, तितक्याच येतील, फक्त बोली लावणाऱ्याच्या हातातली चिठ्ठी जवळजवळ कोरी असेल, असं मी सांगितलं. तिने चष्मा लावला, पडद्यावरची ती लांबलचक ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली, मग माझ्या हातून रिमोट घेतला आणि स्वतः ती सोय बंद केली.